तोंडात फूल धरून: म्यानमारमधील एका मोहिमेविषयी

मंडाले म्हटले की मराठी वाचकाला टिळकांचा तुरुंगवास आठवतो. जून १९१४ मध्ये टिळक त्या तुरुंगातून सुटले. त्या सुटकेला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ जुलै २०१४ रोजी, त्याच शहरात एका चहाच्या दुकानापुढे जमाव गोळा झाला. दुकानाच्या मुसलमान मालकाने एका बौद्ध तरुणीवर बलात्कार केला, असा मजकूर आदल्या दिवशी इंटरनेटवर आला होता आणि विराथू या प्रभावी भिक्षूने तो आपल्या फेसबुकवरून पसरवला होता. त्यानंतर झालेल्या हिंसेत दोन माणसे मारली गेली, एक मुसलमान आणि एक बौद्ध. शहरात संचारबंदी लागली आणि फेसबुकही काही काळ बंद पाडण्यात आले. पुढे तपासात बलात्काराचा आरोप खोटा असल्याचे निष्पन्न झाले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

या घटनेविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या तीन महिने आधी यांगूनमध्ये सुरू झालेल्या एका मोहिमेविषयी, जिच्या कार्यकर्त्यांना असे काहीतरी होणार हे दिसत होते आणि ज्यांनी ते होऊ नये म्हणून हातात होती तेवढी साधने वापरली. एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेचे नाव ‘पान्झगार’, म्हणजे फुलासारखे बोलणे. सहभागी होणारा माणूस ओठांमध्ये एक फूल धरून स्वतःचे छायाचित्र काढत असे आणि ते फेसबुकवर लावत असे. द्वेष पसरेल असे मी बोलणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. हा प्रकार भाबडा वाटण्याचा संभव आहे. तो भाबडा का नव्हता हे समजण्यासाठी त्या देशात इंटरनेट कसे आले हे पाहावे लागते.

लष्करी राजवटीत म्यानमारमध्ये मोबाईलचे सिमकार्ड ही श्रीमंतांची वस्तू होती. एका कार्डासाठी शेकडो, एके काळी तर हजारो डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये दोन परदेशी कंपन्यांना परवाने मिळाल्यावर तेच कार्ड दीड हजार च्यातला, म्हणजे जेमतेम दीड डॉलरला, मिळू लागले. जो देश पन्नास वर्षे सरकारी वृत्तपत्र आणि सरकारी दूरदर्शन यांच्यापलीकडे फारसे काही पाहू शकत नव्हता, त्या देशाच्या हातात दोन-तीन वर्षांत स्मार्टफोन आला. फोन विकणारा दुकानदारच त्यात फेसबुक घालून, खातेही उघडून देत असे. ईमेल, शोधयंत्र, संकेतस्थळे या पायऱ्या चढत आपण जसे हळूहळू इंटरनेटपर्यंत पोचलो, तसे तेथे झालेच नाही. बहुसंख्य लोकांच्या लेखी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होते आणि फेसबुकवर जे छापून आले ते बातमी होते. छापील शब्दावर बंदी असलेल्या समाजात अफवा हेच बातमीचे जुने साधन असते, आणि त्या अफवेला आता चित्र मिळाले होते, वेग मिळाला होता.

ती अफवा कोणत्या जमिनीवर पडत होती हेही लक्षात घेतले पाहिजे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना जवळजवळ परके ठरवले होते. २०१२ मध्ये रखाईन प्रांतात उसळलेल्या हिंसेनंतर लाखाहून अधिक माणसे छावण्यांत जाऊन पडली, आणि त्यांतील बहुतेक रोहिंग्या मुसलमान होते. मार्च २०१३ मध्ये मध्य म्यानमारमधील मेक्तिला शहरात चाळीसहून अधिक लोक मारले गेले. (त्याच शहरात एका बौद्ध विहाराच्या प्रमुखांनी, ऊ विथुद्धा यांनी, शेकडो मुसलमानांना विहारात आसरा दिला आणि दाराशी आलेल्या जमावाला आत येऊ दिले नाही. त्या काळाविषयी लिहिताना हे नाव राहून जाऊ नये असे मला वाटते.) विराथू २००३ मध्ये धार्मिक चिथावणीसाठी तुरुंगात गेला होता. २०१२ च्या सार्वत्रिक माफीत तो सुटला आणि त्याचे प्रवचन आता विहाराच्या आवारापुरते उरले नाही.

त्याच २०१२ च्या जानेवारीत आणखी एक माणूस तुरुंगातून सुटला. ने फोन लॅट हा यांगूनमध्ये इंटरनेट कॅफे चालवणारा आणि ब्लॉग लिहिणारा तरुण. २००७ मध्ये भिक्षूंच्या नेतृत्वाखाली लष्कराविरुद्ध जे आंदोलन झाले, त्याची माहिती आणि छायाचित्रे जगापर्यंत पोचवण्यात त्या वेळच्या ब्लॉगलेखकांचा मोठा वाटा होता. २००८ मध्ये ने फोन लॅटला अटक झाली आणि वीस वर्षे सहा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या माणसाने बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी आपली चार वर्षे तुरुंगात घालवली, त्यालाच बाहेर आल्यावर दोन वर्षांत असे दिसले की, नव्याने मिळालेल्या त्या स्वातंत्र्याचा उपयोग शेजाऱ्याला मारा असे सांगण्यासाठी होतो आहे. अशा वेळी पहिला मोह होतो तो बंदी मागण्याचा. त्याने ती मागितली नाही. सरकारच्या हाती बोलण्यावरचे नियंत्रण पुन्हा दिले तर ते कोणाविरुद्ध वापरले जाईल हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवले की वाईट बोलण्याला उत्तर लोकांनीच, लोकांच्या भाषेत द्यायचे. पान्झगार या विचारातून निघाली.

मोहिमेने विराथूचे नाव घेऊन त्याच्यावर हल्ला केला नाही, त्याच्या पानावर जाऊन वादही घातला नाही. पत्रके वाटली, भित्तिपत्रके लावली आणि फूल धरलेली छायाचित्रे जमवली. त्या देशात भिक्षूला उघड विरोध करणे म्हणजे धर्माला विरोध करणे मानले जाते, आणि भिक्षूविरुद्ध बोललेले एक वाक्य त्या माणसाची बाजू कायमची बंद करू शकते. बौद्ध परंपरेत सम्यक् वाणीला जे स्थान आहे, ते प्रत्येक बर्मी मुलाला घरात शिकवलेले असते. द्वेष ही आपल्या धर्माची शिकवण नव्हे, हे परक्या मानवाधिकारवाद्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी शेजारच्या मुलीच्या फुलाने सांगितले तर ते ऐकले जाण्याची शक्यता अधिक, असा तो हिशेब होता. मला तो हिशेब आजही बरोबर वाटतो.

त्याच वेळी त्या मोहिमेवर झालेली टीकाही मला पटते. पान्झगार सगळ्यांविषयी बोलत होती, पण ज्यांच्याविषयी सर्वात भयंकर बोलले जात होते त्या रोहिंग्यांचे नाव ती ठळकपणे घेत नव्हती. ते नाव घेतले असते तर पाठीशी उभे असलेले अनेक लोक निघून गेले असते, हे खरे आहे. परंतु एखाद्या समाजाचे नाव उच्चारणेही धोक्याचे झाले असेल, तेव्हा सौम्य बोलण्याच्या आवाहनाने त्या समाजाच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न सोडून देता येत नाही. २०१५ मध्ये तरुणांच्या दुसऱ्या एका गटाने या प्रश्नाला थोडे अधिक धाडसाने हात घातला. वेगळ्या धर्माच्या आपल्या मित्राबरोबर छायाचित्र काढायचे आणि ‘माझा मित्र’ अशा अर्थाच्या हॅशटॅगसह ते लावायचे, अशी ती मोहीम होती. तिच्यामागे वाई वाई नू ही रोहिंग्या तरुणी होती, जी स्वतः वयाच्या अठराव्या वर्षापासून सात वर्षे आपल्या कुटुंबासह तुरुंगात होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २०१५ च्या सुरुवातीस फेसबुकने पान्झगारच्या कार्यकर्त्यांबरोबर चित्रांचा, म्हणजे स्टिकरांचा, एक संच काढला. द्वेषाची पोस्ट दिसली की तिच्याखाली फूल धरलेल्या मुलीचे किंवा ‘पसरवण्याआधी विचार करा’ अशा आशयाचे चित्र टाकायचे, अशी कल्पना होती. शब्द जुळवायची गरज नाही, वाद घालायचा नाही, भीतीही कमी. लोकांनी ती चित्रे आनंदाने वापरली. परंतु पोस्टखाली आलेले प्रत्येक चित्र फेसबुकच्या यंत्रणेच्या लेखी एक प्रतिसाद होते, आणि ज्या पोस्टला प्रतिसाद अधिक ती अधिक लोकांना दाखवायची, हा त्या यंत्रणेचा नियम होता. निषेधासाठी टाकलेले फूल आणि कौतुकासाठी टाकलेले फूल यांत तिला काही फरक करता येत नव्हता. परिणामी, द्वेषाच्या ज्या पोस्टखाली लोकांनी फुले ठेवली, त्या पोस्ट आणखी वर गेल्या आणि आणखी लोकांनी पाहिल्या. ज्या कंपनीने ती चित्रे मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध केली, तिच्याच गणिताने त्या चित्रांचा अर्थ उलटा केला.

हे वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. द्वेषाविरुद्ध बोलणाऱ्या सामान्य माणसांना आपण धीर, संयम, सातत्य असे बरेच काही सांगतो. ते सगळे त्यांच्याकडे होते. त्यांना सांगितले गेले नव्हते ते एवढेच की, ज्या जागेत उभे राहून ते बोलत आहेत ती जागा कशी चालते.

ही गोष्ट ओळखून वेगळी पद्धत बसवली ती स्वीडनमधील लोकांनी. २०१६ मध्ये मीना डेनर्ट या पत्रकार महिलेने ‘याग ॲर हॅर’, म्हणजे ‘मी येथे आहे’, या नावाचा फेसबुक गट सुरू केला. त्याची सदस्यसंख्या पुढे हजारोंच्या घरात गेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये जर्मनीत त्याच नावाचा, त्याच पद्धतीचा गट उभा राहिला. नंतर इतर अनेक देशांत. या गटाचे संयोजक एखाद्या वृत्तपत्राच्या फेसबुक पानावरील अशी बातमी निवडतात, जिच्याखाली स्थलांतरितांविरुद्ध किंवा मुसलमानांविरुद्ध गरळ ओकली जात आहे. सदस्य तेथे जातात, पण द्वेषाच्या प्रतिक्रियेला उत्तर देत नाहीत. ते स्वतंत्र प्रतिक्रिया लिहितात, तथ्यांवर आधारलेली, सभ्य भाषेत, कोणालाही न हिणवता. आणि मग सदस्य एकमेकांच्या प्रतिक्रियांना पसंती देतात. पसंती आणि उत्तरे ज्या प्रतिक्रियेला जास्त ती वर, हा जो नियम म्यानमारमध्ये फुलांच्या विरुद्ध गेला, तोच येथे कामाला लावला जातो. बातमी वाचून खाली उतरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दिसतात त्या शहाण्या माणसांच्या प्रतिक्रिया. शिव्या त्यांच्याखाली गेलेल्या असतात.

या गटांचा अभ्यास करणाऱ्यांना सदस्यांनी जे सांगितले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. द्वेष करणाऱ्याचे मत बदलणे हे आपले काम नाही, असे ते मानतात. त्यांचे लक्ष असते ते न लिहिणाऱ्या, नुसते वाचणाऱ्या लोकांकडे, ज्यांचे मत अजून पक्के झालेले नाही आणि ज्यांना शंभर विखारी प्रतिक्रिया वाचून असे वाटू शकते की सगळे जग असाच विचार करते. दुसरे म्हणजे, एकट्याने लिहायला घाबरणारे अनेक लोक या गटामुळे लिहू लागले, कारण आपल्यावर तुटून पडले तर मागे कोणी आहे याची खात्री त्यांना होती. ही खात्री म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. गटात उघडपणे काम करणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, धमक्या आल्या आहेत आणि येतात.

मग द्वेष करणाऱ्याला थेट उत्तर देणे अगदीच व्यर्थ आहे का? २०२१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ट्विटरवर वंशद्वेषी मजकूर लिहिणाऱ्या १,३५० जणांना वेगवेगळ्या प्रकारची उत्तरे देऊन पाहिली होती. काहींची विनोदाने खिल्ली उडवली, काहींना सांगितले की तुमच्या घरचे आणि ओळखीचे लोकही हे वाचत आहेत, आणि काहींना त्या शब्दांनी समोरच्या माणसाला काय वेदना होते हे सांगितले. थोडासा परिणाम दिसला तो या शेवटच्या उत्तराचा. अशी उत्तरे मिळालेल्यांपैकी काहींनी आपला मजकूर काढून टाकला आणि पुढच्या चार आठवड्यांत तसे लिहिणे थोडे कमी केले. परिणाम लहान आहे, हे संशोधकांनीही सांगितले आहे. मला त्यात लक्षणीय वाटते ते हे की, आपल्याला सर्वात सोपे आणि सुखाचे वाटणारे उत्तर, म्हणजे खिल्ली, तेथे उपयोगी पडलेले नाही.

म्यानमारकडे परत जातो, कारण कहाणी स्टिकरांपाशी थांबत नाही. २५ ऑगस्ट २०१७ रोजी एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस ठाण्यांवर हल्ले केले आणि त्याला उत्तर म्हणून लष्कराने जी मोहीम उघडली तिच्यामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. पुढच्याच महिन्यात देशभर फेसबुकच्या मेसेंजरवर दोन साखळी संदेश फिरू लागले. बौद्धांना सांगितले जात होते की ११ सप्टेंबरला मुसलमान हल्ला करणार आहेत, आणि मुसलमानांना सांगितले जात होते की त्याच दिवशी बौद्ध हल्ला करणार आहेत. दोन्हींचा हेतू एकच होता. ते संदेश प्रथम कंपनीच्या नजरेस आणून दिले ते म्यानमारमधील स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी. पुढे एप्रिल २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी एका मुलाखतीत सांगितले की, आमच्या यंत्रणेने हे संदेश पकडले आणि थांबवले. ते वाचून म्यानमारमधील सहा संस्थांनी त्यांना उघड पत्र लिहिले. त्यांनी लिहिले त्याचा आशय असा होता की, तुम्ही जिला यंत्रणा म्हणता ती आम्ही होतो. आम्हाला ते संदेश योगायोगाने सापडले, तुमच्यापर्यंत पोचवायला चार दिवसांहून अधिक लागले, आणि तोवर ते देशभर पसरून निदान तीन ठिकाणी हिंसेला निमित्त झाले होते.

या पत्रात कोठेही आरडाओरडा नाही. वर्षानुवर्षे बिनपगारी राबून, रात्री-अपरात्री स्क्रीनशॉट पाठवून, ओळखीच्या कोणा अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट पाहून थकलेल्या लोकांचे ते पत्र आहे. रॉयटर्सने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार २०१५ च्या सुरुवातीस फेसबुकचा बर्मी मजकूर तपासणारे, ती भाषा जाणणारे केवळ दोन जण होते. भाषा न जाणणारी तपासणी काय करते याचाही नमुना म्यानमारमध्येच मिळाला. २०१७ मध्ये फेसबुकने ‘कलार’ या शब्दावर बंदी आणली. भारतीय वंशाच्या लोकांना आणि मुसलमानांना हिणवण्यासाठी तो वापरला जातो. पण हीच अक्षरे बर्मी भाषेतील खुर्चीच्या आणि एका डाळीच्या नावातही येतात, आणि त्यामुळे अगदी निरुपद्रवी पोस्टही काढल्या गेल्या. इतकेच नव्हे, तर हा शब्द वापरू नका असे सांगणाऱ्या लोकांचे लेखनही हटवले गेले.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली, ती कार्यकर्त्यांच्या कल्पनेपेक्षा भयंकर होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वृत्त दिले की, गायक, अभिनेत्री अशांच्या नावाने चालणारी अनेक लोकप्रिय फेसबुक पाने प्रत्यक्षात लष्कराची माणसे चालवत होती आणि या कामावर सुमारे सातशे जण नेमलेले होते. एका बाजूला पगारी सातशे आणि दुसऱ्या बाजूला नोकरी-शिक्षण सांभाळून काम करणारे मूठभर तरुण. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने लष्करप्रमुखांवर वंशसंहारासाठी खटला चालवला जावा असे म्हटले आणि त्याच दिवशी फेसबुकने लष्करप्रमुखांसह अनेकांची खाती व पाने काढून टाकली. आपण हिंसा रोखण्यासाठी पुरेसे काही केले नाही, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले. एव्हाना बांगलादेशातील कॉक्स बझारच्या टेकड्यांवर जगातील सर्वात मोठी निर्वासित छावणी वसली होती.

म्हणून, सामान्य लोकांनी पुढे यावे आणि द्वेषाला उत्तर द्यावे, असे जेव्हा एखादी मोठी कंपनी किंवा सरकार गौरवाने सांगते, तेव्हा मी सावध होतो. लोकांनी पुढे यावेच. पण त्यांचा गौरव हा स्वतःची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर ढकलण्याचा मार्ग होऊ नये.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये म्हणून एवढेच आठवण करून देतो की, मंडालेच्या त्या जुलैच्या एक महिना आधी पुण्यात काय झाले होते. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली, शहरात तणाव पसरला आणि २ जून २०१४ च्या रात्री हडपसरला, त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुणाचा जीव गेला. चार वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. राईनपाड्याची अफवा अतिरेकी विचाराची नव्हती, पण परक्याविषयीची भीती फोनवरून किती झपाट्याने हातापायांत उतरते हे तिने दाखवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आपल्याकडचा बराचसा विखार आज याच व्हॉट्सॲपवर, कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेतील जुन्या मित्रांच्या ग्रुपवर फिरतो. तेथे स्वीडनची पद्धत चालत नाही, कारण बाहेरच्या कोणाला आत येताच येत नाही. आत असलेला माणूसच काय ते करू शकतो. माझा अनुभव असा आहे की, ग्रुपवर आलेल्या विखारी चित्रफितीला लांबलचक व्याख्यानाने उत्तर दिले तर ग्रुपमधील सगळे गप्प होतात आणि पाठवणारा अधिक हट्टाला पेटतो. त्याऐवजी, ‘काका, ही चित्रफीत जुनी आहे आणि दुसऱ्या देशातली आहे, मूळ बातमी खाली देत आहे, आपल्या इमारतीतले शेखमामा पण हा ग्रुप वाचतात, त्यांना किती वाईट वाटेल’ असे दोन वाक्यांत, मानाने, सगळ्यांसमोर सांगितले, तर काका काही बोलत नाहीत, परंतु एक-दोन तासांत कोणीतरी तिसरेच खासगीत लिहिते की बरे झाले तुम्ही बोललात. त्या तिसऱ्या माणसासाठीच ते लिहायचे असते. पुढच्या वेळी ग्रुपवर आधी तोच बोलेल अशी आशा ठेवता येते, आणि काही वेळा तसे झालेलेही मी पाहिले आहे. शेखमामांचे नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्या चांगुलपणासाठी त्यांना चर्चेत ओढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि तीन-चार दिवसांतच फेसबुक बंद केले. रस्त्यावर उतरलेल्या बहुसंख्याक बामार समाजातील बौद्ध तरुणांना त्याच सैनिकांच्या गोळ्या लागल्या, ज्यांनी रखाईनमध्ये गावे जाळली होती. त्या दिवसांत अनेक जणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. आम्ही तेव्हा लष्कराचे ऐकले, तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, असे त्यांनी लिहिले. याचे श्रेय पान्झगारला देणे बरोबर होणार नाही. स्वतःच्या अंगणात गोळ्या आल्यावर डोळे उघडले, हेच त्यामागचे मोठे कारण असावे. तरीही मला असे वाटते की, माफी मागायची वेळ आली तेव्हा ती कोणत्या शब्दांत मागायची हे त्या समाजात काही लोकांना आधीपासून ठाऊक होते, आणि ते शब्द सात वर्षे जिवंत ठेवणारे लोक कोण होते हेही आपल्याला माहीत आहे. त्यांतील अनेक जण आज देशाबाहेर आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीने अमेरिकेतील स्वतंत्र तथ्यपडताळणीची व्यवस्था गुंडाळण्याचे जाहीर केले आणि द्वेषपूर्ण लेखनाविषयीचे आपले नियमही सैल केले. जी थोडी व्यवस्था म्यानमारनंतर उभी राहिली होती, तिचाही भरवसा आता उरलेला नाही. म्हणून त्या सहा संस्थांनी झुकरबर्ग यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात जी माहिती मागितली होती, ती आपण आपल्या भाषेसाठी मागितली पाहिजे असे मला वाटते. मराठी मजकूर तपासणारे, मराठी जाणणारे किती लोक कंपनीकडे आहेत? मराठी मजकुराविषयी वर्षभरात किती तक्रारी आल्या, त्यांतील किती मजकूर काढला गेला, आणि तक्रार केल्यापासून निर्णय होईपर्यंत किती तास गेले? २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची ही मातृभाषा आहे, आणि हे आकडे मागणे हा त्यांचा हक्क आहे. या मागणीच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना तो वाचून सुधारावासा किंवा त्यावर सही करावीशी वाटेल, त्यांनी मला कळवावे.